मास्तरांना न लागणारी गाडी

मास्तरांना गाडी लागायची. अशीतशी नाही. कुणाला घाटात लागते, कुणाला मागच्या बाकावर बसलं की लागते. मास्तरांना गाडीचं दार बंद झाल्याचा नुसता आवाज ऐकला तरी लागायची. लग्नानंतर नवराबायको पहिल्यांदा सहलीला निघाले, तेव्हा बस शहराबाहेर पडायच्या आत मास्तरांनी स्वतःची टोपी, बायकोची नवी पिशवी आणि शेजारच्या गृहस्थांचं न वाचलेलं वर्तमानपत्र, अशी तिन्हींची वाट लावली. गृहस्थ भले होते. म्हणाले, "राहू द्या हो, नाहीतरी त्यात वाचण्यासारखं काय असतं!" पुढच्या थांब्यावर दोघं उतरली आणि अकरा किलोमीटर चालत घरी आली. त्यानंतर लिंबू चोखून झालं, गोळ्या घेऊन झाल्या, पोटाला कागद बांधून झाला. बस, मोटार, आगगाडी, सगळ्यांपुढे मास्तरांनी हात टेकले.

आणि हा माणूस शाळेत भूगोल शिकवायचा. एकतीस वर्षं.

शहरातून वाहणारी नदी मास्तर खडू न उचलता फळ्यावर काढायचे. उगमापासून समुद्रापर्यंत, कुठे वळते, कुठे फुगते, कोणती उपनदी कुठल्या अंगाने येऊन मिळते, सगळं एका दमात. शाळेतल्या शेवटच्या दिवशी त्यांनी ती शेवटची काढली, हात झटकले आणि वर्गाला म्हणाले, "काही विचारायचं राहिलं असेल तर विचारून घ्या. उद्यापासून मी नाही."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, नदी सुरू होते तिथे कसं दिसतं?"

मास्तरांनी चार वाक्यं सांगितली.

"हे पुस्तकात आहे, सर. तुम्हाला कसं दिसलं?"

"मी पाहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. वर्गात कुणी हसलं नाही, आणि नेमकं तेच त्यांच्या मनाला लागलं.

घरी आले ते तोच प्रश्न डोक्यात घेऊन. त्यांच्या बायकोला सगळं गाव सिस्टर म्हणायचं. मोठ्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या, वर्षापूर्वीच निवृत्त झालेल्या. पाच फुटांना दोन बोटं कमी अशी उंची, केस पांढरे, चाल तुरुतुरु. आपल्या जुन्या गिअरच्या स्कूटरवरून अजून शहरभर हिंडायच्या. नवऱ्याचा चेहरा त्यांना तापाच्या तक्त्यासारखा वाचता यायचा.

"आज आमटीत मीठ नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोनदा वाढून घेतलीत. काय झालं, बोला."

मास्तर बोलले. मुलीचा प्रश्न सांगितला, आपलं उत्तर सांगितलं. मग म्हणाले, "जाऊ दे गं. चारशे बारा किलोमीटर आहे. मी वीस किलोमीटरच्या पुढे शुद्धीवर राहत नाही."

रविवारी सकाळी सिस्टरांनी मास्तरांना स्कूटरवर मागे बसवलं आणि कुठे जायचं ते न सांगता धरणाचा रस्ता धरला. मास्तर आजवर स्कूटरवर बसले होते ते बाजारापर्यंत, फार तर दवाखान्यापर्यंत. दहा किलोमीटर झाले, वीस झाले. पंचविसाव्याला सिस्टरांनी मान जराशी वळवून विचारलं, "अहो, कसं वाटतंय?"

मास्तर मागून म्हणाले, "भूक लागलीय."

सिस्टरांनी गाडी बाजूला घेतली आणि हसत सुटल्या. एवढ्या वर्षांत प्रवासात त्या माणसाला भूक लागल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. बंद डबा नको, मोकळा वारा हवा, एवढंच त्या पोटाचं म्हणणं होतं, आणि ते ऐकून घ्यायला सगळ्यांना जन्म लागला.

पण सुख असं सरळ पदरात पडत नाही. परत येईतो मास्तरांची कंबर धरली. मणक्याचं जुनं दुखणं, त्यात स्कूटरची टीचभर सीट आणि खड्ड्यागणिक दणका. घरासमोर त्यांना उतरताच येईना. सिस्टरांनी त्यांना काखेत हात घालून उतरवलं, आडवं केलं आणि दोन दिवस शेकलं.

तिसऱ्या दिवशी त्या मिस्त्रीकडे गेल्या. मिस्त्री वीस वर्षं त्यांची स्कूटर सांभाळत होता. माणूस कमी बोलायचा, आणि बोलायचा तेही हातातल्या पान्याकडे बघून.

"स्कूटरला मऊ सीट लावून मिळेल का?" सिस्टरांनी विचारलं.

"लावून देईन. फायदा नाही. चाकं लहान, खड्डा दिसला की आत उतरतात." मिस्त्रीने हात पुसले. "तुम्हाला क्रूझर हवी. लांब, बुटकी मोटरसायकल. चाकं मोठी, सीट आरामखुर्चीसारखी, हँडल आपणहून हातात येतं. पळायची घाई नाही तिला. दिवसभर चालते, माणूस ताठ उतरतो."

"वजन?"

"दोनशे किलोच्या वर."

"मला झेपेल?"

मिस्त्रीने पहिल्यांदा वर पाहिलं. "बुटकी आहे म्हटलं ना. तुमचे दोन्ही पाय जमिनीवर टेकतील, मग वजनाचं फार काही उरत नाही. नवी महाग पडेल, जुनी बघा. घाई करू नका. आणि मालकाला आधीच बजावायचं, तुम्ही जाईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. थंड इंजिन खरं बोलतं."

बातमी दिरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दीर म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ, फर्निचरचं दुकान होतं त्यांचं. तरुणपणी दोन वर्षं मोटरसायकल चालवली होती आणि त्या दोन वर्षांच्या भांडवलावर आजतागायत सल्ले देत होते.

"वहिनी, हे काय ऐकतोय मी? दादाला बसवणार आणि तुम्ही चालवणार? अहो, ते धूड आहे धूड! कलंडलं तर उचलायला चार माणसं लागतात."

"भावजी, माणसं उचलण्यातच माझी हयात गेली."

"माणूस सांगितल्यावर ऐकतो हो. लोखंड ऐकत नाही."

"तू चल ना बरोबर," मास्तर मध्ये पडले. त्यांना भांडण नको होतं. दीर अशा आमंत्रणाची वाटच बघत होते.

पहिली गाडी त्यांनीच शोधली. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाच्या गाळ्यात ती उभी होती, नखशिखान्त चकचकीत, आरशांना चामड्याच्या झालरी, टाकीवर ज्वाळांचं चित्र. दीर तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांचा चेहराच उजळला. "बघा! याला म्हणतात गाडी!"

सिस्टर पुढे झाल्या आणि त्यांनी तळहाताची मागची बाजू इंजिनजवळ नेली, कपाळाला लावतात तशी.

"हिला ताप आहे," त्या म्हणाल्या. "मी फोनवर सांगितलं होतं, चालू करू नका."

"नाही हो मॅडम, चार दिवसांत हात लावलेला नाही," दलाल म्हणाला.

"मग ऊन खात होती का? गाळ्यात तर ऊन येत नाही."

दलाल हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. सिस्टर खाली वाकल्या. मीटर नऊ हजार किलोमीटर दाखवत होता. पाय ठेवायच्या जागेवरचं रबर मात्र झिजून आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. त्यांनी बोटाने ते दिरांना दाखवलं.

"वहिनी, आकडा खोटा कसा असेल? मीटर आहे तो!"

"दवाखान्यात पेशंट सांगतात, आज पहिल्यांदाच दारू घेतली. मी डोळे बघते."

मागची सीट तर तळहाताएवढी होती. मास्तर तिच्यावर चढून बसले तेव्हा दलालही दुसरीकडे बघू लागला. तिघंही पाच मिनिटांत बाहेर पडली. दीर दोनदा मागे वळून बघत होते.

दुसरी गाडी खरंच चांगली होती. मालक सरळ, इंजिन थंड, कागदपत्रं चोख, चाव्यांचा दुसरा जोडसुद्धा जपून ठेवलेला. पण तिचे पाय ठेवायचे दांडे इतके पुढे होते, की सिस्टर तिच्यावर बसल्या तेव्हा न्हाव्याच्या खुर्चीत निजल्यासारख्या दिसल्या. पाय पोचवायचे तर हात सुटायचे, हँडल धरायचं तर पाय लोंबकळायचे.

"सवय होईल," दीर म्हणाले.

"सवय बुटाची होते. अंगाला मापाचंच लागतं." सिस्टरांनी मालकाचे आभार मानले. उंच माणसाच्या आरामात बुटक्या माणसाची हाडं मोडतात हे त्यांना पाच मिनिटांत कळून चुकलं होतं.

असे तीन आठवडे गेले. आणखी तीन गाड्या पाहून झाल्या. एकीच्या पुढच्या चाकाच्या दांड्यांतून तेल झिरपत होतं, एकीच्या टाकीत विजेरी मारली तर तळाला तांबूस गंज. एकीचा सायलेन्सर असा गर्जायचा, की मास्तर म्हणाले, "ही घेतलीस तर मला बहिरा झाल्यावरच बसव." दिरांचा उत्साह ओसरला. मास्तर तर म्हणू लागले, "राहू दे गं, नकाशात आहेच की नदी." हे वाक्य सिस्टरांना सगळ्यात जास्त बोचलं.

मग एका सकाळी मिस्त्रीचा फोन आला. "बेकरीवाल्या काकांना त्यांची गाडी द्यायचीय. गुडघे गेले त्यांचे. पण बघून देणार आहेत. तिघांना परत पाठवलंय."

बेकरीच्या मागे मोठं अंगण होतं, खडी पसरलेलं. भट्टीची ऊब तिथपर्यंत येत होती. शेडखाली ती उभी होती, फार उकळलेल्या चहाच्या रंगाची. ना झालर, ना ज्वाळा. एका बाजूला टाकीला पोचा होता. दीर सिस्टरांच्या कानाशी कुजबुजले, "वहिनी, म्हातारी आहे हो."

"मीपण," सिस्टर म्हणाल्या.

काका काठी टेकत आले, सत्तरीच्या पुढचे, भुवयाही पिठाने पांढऱ्या वाटाव्यात असे गोरेपान. "टाकीचा पोचा माझा आहे," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "शेडच्या खांबाला धडकलो. टायर दोन वर्षांपूर्वीचे. चेन नवी. थंडीत पहिल्या झटक्याला चालू होत नाही, दुसऱ्याला होते. अजून काय विचारायचंय?"

सिस्टरांनी हात लावून पाहिला. इंजिन गार होतं. दुसऱ्या झटक्याला ते चालू झालं आणि संथ, जाडसर आवाजात बोलू लागलं. सिस्टरांनी पिशवीतून आपली जुनी नळी काढली, दवाखान्यातली, छाती तपासायची. मिस्त्रीनेच ते सुचवलं होतं. कानांत घालून त्यांनी चकती इंजिनाला इथे तिथे टेकवली. खडखड नाही, शीळ नाही. काका बघत राहिले.

"मी पाव भाजलाय की नाही ते टिचकी मारून ओळखतो," ते म्हणाले. "तुमचं बरं आहे, यंत्र आहे."

तेवढ्यात आतून काकू आल्या आणि तडक मास्तरांपाशी गेल्या. "मागे तुम्ही बसणार ना? मग यांच्याशी बोलू नका, माझ्याशी बोला. एकोणीस वर्षं मी बसलेय. मागे बसणाऱ्याला कुणी काही विचारत नाही." त्यांनी मास्तरांना सीटवर बसवलं, त्यांचे पाय दांड्यांवर ठेवले. "गुडघे बघा. काटकोनात हवेत. गुडघे वर आले की तासाभरात जीव नको होतो. आता मागे टेका. टेका निर्धास्त! ही पाठ मी स्वतः भरून घेतलीय, दोनदा. पहिल्यांदा मऊ भरली होती. मऊ सीट फसवते, तासाभराने बूड तळाला लागतं. ही घट्ट आहे."

मास्तर टेकले. कमरेच्या खळग्यात जिथे नेमकं दुखायचं, तिथेच ती पाठ येऊन भरली. मास्तरांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"काय हो?" सिस्टरांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. आपल्या घरात अशी एक खुर्ची नाही, एवढाच विचार करत होतो."

सिस्टर पुढे बसल्या. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले. हँडल खरंच आपणहून हातात आलं. मास्तरांना उतरवून त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी मान हलवली, आणि गाडी अंगणात हलली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्यांनी शेडजवळ गाडी वळवायला घेतली. वळण अरुंद, खाली खडी. चाक घसरेल अशी शंका आली, नजर खडीकडे गेली आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक आवळला. हँडल वळलेलं होतं. गाडी जागच्या जागी थांबली, कलली, आणि सव्वादोनशे किलो लोखंड सावकाश, अगदी रीतसर, आडवं झालं. सिस्टर बाजूला उडी मारून उभ्या राहिल्या.

इंजिन बंद पडलं होतं. लेग गार्डवर भार घेऊन गाडी पडून होती.

"मी म्हणत नव्हतो?" दीर धावत आले. "वहिनी, लागलं नाही ना? व्हा बाजूला. हे तुमचं काम नाही." त्यांनी बाह्या सरसावल्या, वाकून दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि जोर केला. गाडी वीतभर उठली आणि पुन्हा टेकली. दुसऱ्यांदा तेवढीही नाही. तिसऱ्यांदा दिरांचा हात कमरेवर गेला तो तिथेच राहिला. "काका, दुकानातून दोघांना हाक मारा," ते धापा टाकत म्हणाले.

सिस्टरांचे कान तापले होते. लाज वाटत होती, रागही येत होता, आणि त्या दोन्हींच्या खालून एक वेगळीच गोष्ट वर येत होती. भावजींचं उचलणं बघून त्यांचा जीव कासावीस झाला होता. चौतीस वर्षं नव्या नर्सेसना त्या हेच ओरडून सांगत आल्या होत्या: कमरेने नाही, पायांनी. ओढायचं नाही, ढकलायचं. ओझ्याकडे तोंड करून वाकलात तर ओझं जिंकतं.

"थांबा. कुणाला बोलावू नका," त्या म्हणाल्या.

आधी चावी बंद केली, गिअर टाकलेला आहे हे पाहिलं. मग गाडीकडे पाठ केली, उकिडव्या बसल्या आणि बूड सीटच्या कडेला टेकवलं. एका हाताने हँडलचं टोक आपल्याकडे ओढून धरलं, दुसऱ्याने सीटमागचा दांडा. पाठ ताठ. टाचा खडीत रोवल्या. दवाखान्यात शंभर किलोच्या माणसाला पलंगावर वर सरकवताना घ्यायच्या तसा एक श्वास घेतला आणि पायांनी जमीन मागे रेटत, एक एक बोटभर पाऊल टाकत, मागे चालू लागल्या.

गाडी उठली. आधी हळू, मग जरा सोपी होत, आणि शेवटी जणू स्वतःलाच उभं राहायचं होतं अशी. सिस्टरांनी पायाने स्टँड पुढे काढला, गाडी त्यावर टेकवली, आणि वळून हात झटकले.

काकू टाळ्या वाजवत होत्या. दीर कमरेवरचा हात काढायला विसरले होते. मास्तर नुसते वर-खाली मान हलवत राहिले.

काका काठी टेकत जवळ आले. लेग गार्डवरचा नवा ओरखडा त्यांनी अंगठ्याने पुसून पाहिला. "आता पुन्हा बसा," ते म्हणाले. "तेच वळण घ्या. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, हळू वळताना पायातला ब्रेक. आणि खडीकडे बघायचं नाही. बघाल तिकडे जाल. कुठे जायचंय तिकडे बघा."

सिस्टर बसल्या. वळण आलं. मान वळवून त्यांनी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, आपल्या नवऱ्याकडे बघितलं आणि बघतच राहिल्या. गाडी डौलात वळली आणि थेट मास्तरांपाशी येऊन थांबली.

"तिघांना का परत पाठवलंत, काका?" त्यांनी विचारलं.

"पडल्यावर काय करतील ते दिसलं नव्हतं," काका म्हणाले. "घेऊन जा."

पुढचे सहा आठवडे सिस्टरांनी डोक्यात दुसरं काही येऊ दिलं नाही. रोज सकाळी बाजार भरायच्या आधी रिकाम्या मैदानात मिस्त्री विटा मांडायचा आणि सिस्टर त्या विटांमधून गाडी फिरवायच्या. आधी एकट्या, मग मागे वाळूची पोती बांधून, मग मास्तरांना बसवून. मिस्त्री वीट पडली की एक बोट वर करायचा, बोलायचा नाही. शेवटच्या आठवड्यात त्याने बोट वर केलंच नाही. दीर एकदा बघायला आले, दोनदा आले, आणि तिसऱ्यांदा दुकानातून एक जाड चामड्याची जोडपिशवी शिवून घेऊन आले. "सामानाला," एवढंच म्हणाले आणि स्वतःच ती गाडीला नीट बांधून दिली. त्या दिवसापासून त्यांच्या दुकानात जो येईल त्याला 'आमच्या वहिनींनी' कशी गाडी उचलली ते ऐकल्याशिवाय खुर्ची मिळेना.

ज्या सकाळी दोघं निघाली, ती सकाळ निरभ्र होती. मास्तरांच्या खिशात सवयीने गोळ्या होत्या. शंभराव्या किलोमीटरला चहासाठी थांबली, तेव्हा मास्तर गाडीवरून स्वतःचे स्वतः उतरले आणि बिस्किटांचे तीन पुडे संपवले.

त्यानंतर एक नवलच सुरू झालं. मास्तर मागून बोलायला लागले. "आता डावीकडे दगडी टेकडी येईल, वर सपाट." आली. "पुढे नदी आपल्या उजवीकडून निघून डावीकडे जाईल, पूल असेल." होता. "या खोऱ्यात माती काळी होते बघ." झाली. एकतीस वर्षं कागदावरून शिकवलेला मुलूख एकेक करून खरा निघत होता, आणि प्रत्येक वेळी मास्तर पाठीवर थाप मारून ओरडायचे, "बघ! म्हणालो नव्हतो?" सिस्टरांची पाठ लाल झाली असेल, पण त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

रात्री एका साध्या मुक्कामाच्या घरात उतरली. सिस्टरांनी सवयीने शेकायची पिशवी काढली. मास्तर म्हणाले, "कशाला? दुखतच नाहीये," आणि दोन मिनिटांत घोरू लागले.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. चढ तसा बेताचा होता, पण शेवटची सहा वळणं केसांच्या आकड्यासारखी. पाच झाली. सहाव्या वळणाच्या ऐन पोटात वरून एक लाकडांनी भरलेला ट्रक आला आणि सिस्टरांना थांबावं लागलं. चढ, वळण, मागे माणूस आणि सामान, एका बाजूला दरी. ट्रक घासून गेला. आता जागेवरून उठायचं, आणि तेही वळत.

"उतरू का?" मास्तरांनी विचारलं.

"बसा. फक्त हलू नका."

पायाखाली ब्रेक दाबलेला, क्लच हळूहळू सुटतोय, इंजिनाचा आवाज जाड होतोय. दरी बाजूला होती, तिथे बघितलं नाही. वळणाच्या पलीकडे, वर, रस्ता जिथे आभाळात शिरत होता, तिथे नजर रोवली आणि ब्रेक सोडला. ती चहाच्या रंगाची म्हातारी न गुरगुरता, न दचकता, एखाद्या बैलासारखी मान खाली घालून वळली आणि चढली. वर पोचल्यावर सिस्टरांनी हेल्मेटच्या आत एक आरोळी ठोकली. चौतीस वर्षं वॉर्डात 'हळू बोला' म्हणणाऱ्या त्या बाईने ठोकलेली ती आरोळी खालच्या वळणावरच्या ट्रकवाल्यालाही ऐकू गेली असावी, कारण त्याने उत्तरादाखल भोंगा वाजवला.

घाटमाथ्यावरून अर्धा तास पायवाट होती. मास्तर पुढे चालले. एका कातळाखाली ओल होती, शेवाळ होतं आणि करंगळीएवढी एक धार दगडावरून उतरत होती. मास्तर गुडघ्यांवर बसले. मग काहीतरी दिसून चार पावलं डावीकडे गेले, मग उजवीकडे. परत आले तेव्हा डोळे लखलखत होते.

"तीन आहेत!" ते म्हणाले. "अगं, एक नाही, तीन झरे आहेत! खाली जाऊन एक होतात. मी आयुष्यभर एकच ठिपका काढत आलो! चूक शिकवलं मी, साफ चूक!" आणि एवढ्या आनंदाने आपली चूक सांगणारा माणूस सिस्टरांनी आजवर पाहिला नव्हता. मास्तरांनी ओंजळ भरली, स्वतः प्यायले, दुसरी भरून सिस्टरांपुढे धरली. पाणी इतकं गार होतं की दात ठणकले.

दोघं कातळावर बूट काढून बसली. बऱ्याच वेळाने मास्तरांनी मागे वळून डोंगराच्या पलीकडच्या उताराकडे बोट केलं. तिकडेही एक खोरं होतं, निळसर, दूरवर गेलेलं.

"तिकडचं पाणी दुसऱ्या समुद्राला जातं," ते म्हणाले. "नकाशात तसं आहे."

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नकाशावर तुमचा अजून विश्वास आहे?"

"नाही ना. म्हणून तर म्हणतोय."

घरी त्या दिवशी परत निघायचं ठरलं होतं. सिस्टरांनी बूट घातले, नाडी आवळली, आणि घाटावरूनच दिरांना फोन लावला. "भावजी, झाडांना पाणी घालाल का? परवा यायचं होतं, थोडा उशीर होईल."

थोडा म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोघं अकराव्या दिवशी घरी आली. मास्तरांचं नाक सोलवटलं होतं, मीटर दोन हजारांनी पुढे गेला होता, आणि खिशातल्या गोळ्यांची पाकिटं, एकही न फोडता, कुठल्याशा मुक्कामावर विसरली होती.